जर्मन बोलताना समोरच्याने ‘काय म्हणालात?’ विचारू नये म्हणून: उच्चारांवर घालवलेलं एक वर्ष

मी नागपूरला धंतोलीतल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये आयसीयूला स्टाफ नर्स आहे आणि जर्मनीला जायची तयारी करून राहिली आहे. व्याकरण कसं करायचं, कोणता क्लास लावायचा, यावर मराठीत बऱ्यापैकी लिहिलेलं सापडतं, पण उच्चारांचं काय करायचं यावर मला काहीच मिळालं नव्हतं. जे मिळालं ते इंग्लिशमधून, अमेरिकन लोकांसाठी लिहिलेलं, आणि त्यांची जीभ वेगळी अडते, आपली वेगळी. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

ऑगस्ट २०२३ मध्ये जर्मनचं ए१ सुरू केलं (पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात), ऑनलाइन, संध्याकाळची बॅच. नाईट ड्युटी असली की क्लास करून तसंच हॉस्पिटलला पळायचं. जून २०२४ मध्ये बी१ झालं. बॅचमध्ये तीसेक जण, सर चांगले होते पण एवढ्या लोकांत एकेकाचा उच्चार कोण दुरुस्त करणार, वाक्य व्याकरणात बसलं की ‘झेअर गूट’ म्हणजे ‘छान’ आणि पुढचा. आम्ही सगळे एकमेकांचं जर्मन ऐकत होतो आणि एकमेकांना ते मस्त समजत होतं, खरी गोची तिथेच होती, कारण नागपूरकराचं जर्मन नागपूरकराला समजणारच.

ऑगस्ट २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका हॉस्पिटलचा व्हिडिओ इंटरव्ह्यू झाला. समोर दोन बायका, एक वॉर्डची इन्चार्ज आणि एक ऑफिसातली. मी सगळं तयार करून गेले होते, ड्युटी काय, व्हेंटिलेटरचा अनुभव किती, जर्मनीच का. आणि दर दोन वाक्यांनी त्या ‘वी बिटं?’ म्हणजे ‘काय म्हणालात?’ विचारत होत्या. अगदी नम्रपणे, हसून. शेवटी शेवटी मी छोटीच वाक्यं बोलायला लागले. आठवड्याने मेल आला की अनुभव आवडला, पण वॉर्डात फोनवर बोलावं लागतं, म्हातारे पेशंट असतात, तेव्हा बोलणं अजून स्पष्ट हवं, बी२ करा मग पुन्हा बोलू. मेल चांगलाच होता खरं तर. पण चिडलेल्या नातेवाइकांना समजावायला आमच्या वॉर्डात मलाच बोलावतात, आणि इथे मला माझंच नाव-गाव धड सांगता येत नव्हतं, ते लागलं. दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

मग शोधाशोध. सीताबर्डीच्या बाजूला एक ॲक्सेंटचा क्लास आहे, कॉल सेंटरवाल्या मुलांसाठी, तीन महिन्यांचे १८ हजार सांगितले. मी विचारलं जर्मनचं होईल का, तर तिथला मुलगा म्हणतो, ‘मॅडम, ॲक्सेंट म्हणजे ॲक्सेंट असतो.’ पैसे वाचले. शेवटी बॅचमधल्या एकीच्या ओळखीतून पुण्याच्या एक निवृत्त जर्मन शिक्षिका मिळाल्या, ऑनलाइन, तासाला ८०० रुपये, शनिवारी. वर्षभरात सुट्या, ड्युट्या वगळून साधारण ३० हजार गेले. शिवाय १२०० चा माइकवाला हेडसेट, तो मात्र आधी घ्या, मोबाइलच्या माइकवर ‘फ’ आणि ‘स’ वाहून जातात आणि शिकवणाऱ्यालाही कळत नाही आपण काय म्हटलं.

पहिल्या तासाला मॅडमनी काहीच शिकवलं नाही. एक छोटा उतारा वाचायला दिला, उत्तरेचा वारा आणि सूर्य यांची पैज लागते ती इसापची गोष्ट. उच्चारशास्त्राची मंडळी कितीतरी भाषांचे नमुने देताना हीच गोष्ट वापरतात म्हणे. मी वाचली, त्यांनी रेकॉर्ड केली, आणि पुढच्या शनिवारी यादी पाठवली. मला वाटलं होतं आता घशातला ‘र’ आणि तो ओठ गोल करून म्हणायचा ‘यू’ यांवर काम होणार, कारण जर्मन उच्चार म्हटलं की सगळे यूट्यूबवाले तिथूनच सुरुवात करतात. यादीत ते सगळ्यात खाली होते. वर काय होतं, तर स्वरांची लांबी, शब्दातला जोर, आणि प-त-क. म्हणजे जे मला येतं असं मी धरून चालले होते ते.

मॅडमचं म्हणणं असं होतं की पूर्ण नवा आवाज असला की कान लगेच पकडतो, हे वेगळं आहे, आणि माणूस त्याच्यासाठी नवी जागा करतो. पण आपल्या आवाजासारखाच आवाज असला की आपण तो जुन्याच खणात टाकून देतो आणि पुढे कधी बघतच नाही. जेम्स फ्लेगी नावाचा अमेरिकन संशोधक हे मांडून गेला आहे, १९९५ मध्ये. त्याच वर्षी कॅनडातल्या मन्रो आणि डर्विंग या दोघांनी दाखवलं की परकी ढब जोरदार असूनही बोललेलं पूर्ण समजू शकतं, ढब आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला ही दोन नावं पाठ झाली कारण मॅडम दर वेळी मी रडायला लागले की तीच काढायच्या. आमचं ठरलं की जर्मन बाईसारखं बोलायचं नाही, समोरच्याला परत विचारावं लागू नये एवढंच बघायचं. खूप हलकं वाटलं खरं सांगायचं तर.

ऑक्टोबर-नोव्हेंबर स्वरांच्या लांबीत गेले. आपण मराठीत ह्रस्व-दीर्घ शाळेत घोकतो, शुद्धलेखनात मार्क जातात, पण बोलताना कोणी ‘कवी’ची वेलांटी ऐकू येईल असं बोलतं का? नाही ना. जर्मनमध्ये मात्र त्यावर अर्थ बदलतो. ‘श्टाट’ आखूड म्हटलं तर शहर, ‘श्टाऽट’ लांब म्हटलं तर राज्य. ‘ऑफन’ म्हणजे उघडं, ‘ओऽफन’ म्हणजे भट्टी. आणि माझ्या कामाचं म्हणजे ‘बेट’, आखूड म्हटलं तर पलंग, लांब म्हटलं तर फुलझाडांचा वाफा, तेव्हा पेशंटला कुठे झोपवलं ते लांबीवर आहे. वर आणखी गंमत, त्यांचा लांब ‘ए’ इतका वर जातो की आपल्या कानाला तो ‘ई’च वाटतो. मी कितीतरी दिवस मॅडम ‘बीट’ म्हणताहेत असंच समजत होते.

यावर उपाय सोपा निघाला. एक तर स्पेलिंगच सांगतं: स्वरानंतर डबल व्यंजन असलं तर स्वर आखूड, स्वर स्वतः डबल असला किंवा त्याच्यामागे एच असला तर लांब. इंग्लिशसारखा भोंगळ कारभार नाही. दुसरं म्हणजे हातात रबर धरायचा आणि लांब स्वर आला की ताणायचा. मॅडम रबरबँड म्हणाल्या होत्या, मी रक्त काढताना हाताला बांधतो तो टूर्निकेटचा पट्टा घेतला, चांगला लांब ताणला जातो. दिवाळीत फराळ करता करता आई ओरडली की ते दवाखान्याचं घरात काऊन आणलं. आधी हातानं ताणायचं, मग मनात ताणायचं, मग आपोआप येतं. मला महिना-दीड महिना लागला, त्यातही आखूड स्वर पुरेसा आखूड व्हायला जास्त वेळ लागला.

प-त-क चं असं. जर्मन माणूस शब्दाच्या सुरुवातीला हे म्हणताना हवा सोडतो. आपला ‘प’ कोरडा. म्हणून आपण ‘पाकन’ म्हणजे सामान भरणे म्हटलं की त्याला ‘बाकन’ ऐकू येतं, केक भाजणे. इंटरव्ह्यूत माझे निम्मे ‘प’ त्या बायकांना ‘ब’ ऐकू येत असणार. इथे आपण नशीबवान आहोत, कारण प-फ, त-थ, क-ख हा हवेचा फरक मराठीत लहानपणापासून आहे, अमेरिकन माणसाला तो समजवावा लागतो, आपल्याला नुसतं सांगावं लागतं की बाई, इथे थोडी हवा सोड. तोंडासमोर टिश्यू पेपर धरायचा, ‘प’ म्हटल्यावर तो हलला पाहिजे. फक्त ओठ पूर्ण मिटून उघडा, नाहीतर त्याचा इंग्लिश ‘एफ’ होतो. आणि ‘स’ किंवा ‘श’ च्या मागे आला की हवा सोडायची नाही, ‘श्पेट’, ‘श्टाट’ कोरडेच. दुसरं म्हणजे आपण इंग्लिश शब्दांतला टी म्हणताना जीभ मागे वळवून ‘ट’ म्हणतो, जर्मनमध्ये ती पुढे दातांच्या मुळाशी ठेवायची, आपल्या ‘त-थ’च्या जवळ. वर मी शब्द लिहिताना ‘ट’ लिहिला आहे कारण सवय, तुम्ही म्हणताना म्हणू नका. हा एकच बदल केल्यावर बॅचमधल्या लोकांनी विचारलं की काय गं, वेगळंच बोलून राहिली.

काही गोष्टी फुकटात येतात त्याही सांगते. त्यांचा झेड म्हणजे आपल्या ‘चमचा’मधला दुसरा च. पहिला नाही, दुसरा. ‘चूल’, ‘चोर’ मधला. साखरेला त्सुकर म्हणतात तो थेट ‘चूल’चा च. हिंदीभाषक मुली यावर आठवडे घालवतात, आपण पहिल्या दिवशी पास. आकड्यांचंही तसंच, ते बहात्तर म्हणताना दोन आधी आणि सत्तर नंतर म्हणतात, आणि आपणही तेच करतो, त्यामुळे इंग्लिश माध्यमात शिकलेल्यांपेक्षा मराठी शाळेतल्यांना सोपं जातं. शब्दाच्या शेवटी ब-द-ग आले की त्यांचे प-त-क होतात, ‘ताग’ लिहायचं आणि ‘ताक’ म्हणायचं, हे दोन दिवसांत जमतं.

डिसेंबरात शब्दातला जोर घेतला आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, यूट्यूबवर याच्याबद्दल सगळ्यात कमी बोलतात. आपण मराठी बोलताना अक्षरं साधारण सारख्या वजनाने टाकतो. जर्मन माणूस एका अक्षरावर बसतो आणि बाकीची गिळतो. आणि तो शब्द ओळखतो त्या बसलेल्या अक्षरावरून. एकच शब्द ‘उमफारन’, जोर ‘उम’वर दिला तर गाडीने एखाद्याला उडवणे, ‘फा’वर दिला तर वळसा घालून जाणे. साध्या जर्मन शब्दांत जोर बहुतेक पहिल्या अक्षरावर असतो म्हणून मी सगळीकडेच पहिल्यावर देत होते, पण लॅटिन-ग्रीकमधून आलेल्या शब्दांत तो मागे असतो, आणि वैद्यकीय शब्द सगळे तेच. पेशंट म्हणजे ‘पात्सिएन्ट’, जोर शेवटच्या ‘एन्ट’वर. मेडिकामेन्ट, शेवटच्या ‘मेन्ट’वर. टेम्पेराटूर, ‘टूर’वर. अलर्गी, ‘गी’वर. टाब्लेटं मध्ये ‘ब्ले’वर, डिआबेटेसमध्ये ‘बे’वर. म्हणजे जे शब्द इंग्लिशमुळे मला आधीपासून येतात असं मी धरलं होतं, नेमके तेच मी इंटरव्ह्यूत इंग्लिश चालीवर म्हणून टाकत होते आणि तेच समजत नव्हते. मी माझ्या वॉर्डातले असे शब्द एका वहीत काढले, जोराच्या अक्षराखाली लाल रेघ. आमच्या ड्रग ट्रॉलीपासून केस पेपरपर्यंत सगळं त्यात आलं. कोणी नर्सिंगवाली वाचत असेल तर ही वही आजच सुरू करा, शब्द नवीन नाहीत, फक्त रेघ मारायची आहे. डूडेन डिक्शनरीच्या साइटवर जोराची खूण असते आणि आवाजही ऐकता येतो, फुकट.

आकड्यांची वेगळी प्रॅक्टिस केली कारण तिथे गंमत नाही, औषधाचा डोस असतो. पंधरा म्हणजे फ्युन्फत्सेऽन, पन्नास म्हणजे फ्युन्फत्सिश, तो शेवटचा श सुद्धा खरा श नाही, खाली येते त्यावर. शेवट नीट ऐकू आला नाही तर १५ चे ५०. फोनवर ते लोक ‘त्स्वाय’ आणि ‘द्राय’ म्हणजे दोन-तीन यांत घोळ होऊ नये म्हणून दोनला ‘त्स्वो’ म्हणतात, हे पुस्तकात उशिरा येतं, आधीच शिकून घ्या.

त्याच महिन्यात इथे हिवाळी अधिवेशन, मोर्चे, अर्धे रस्ते बंद. मी स्कूटी ठेवून उज्ज्वल नगर ते काँग्रेस नगर मेट्रोने जायला लागले आणि ती प्रॅक्टिसची वेळ झाली. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या साइटवर सावकाश वाचलेल्या बातम्या असतात, सोबत मजकूरही, फुकट आहे. एका कानात हेडफोन घालून निवेदकाच्या अर्धा सेकंद मागे त्याच्याच चालीत पुटपुटायचं. याला शॅडोइंग म्हणतात. आधी शब्द न म्हणता नुसती चाल गुणगुणायची, मांडीवर बोटाने जोराच्या जागी टिचकी मारायची, मग शब्द घालायचे. मास्क लावा, कोणी बघत नाही. एक काकू एकदा सरकून बसल्या माझ्यापासून, पण चालायचंच.

जानेवारीत ते प्रसिद्ध आवाज आले. जर्मन ‘आख’ (आपलं ‘अरे’) मधला ख आणि घशातला र यांसाठी मला मोमिनपुऱ्यातली माझी नाईटची जोडीदार उपयोगी पडली. तिच्या घरी उर्दू, तिची आजी ‘ख़राब’ आणि ‘ग़ज़ल’ म्हणते तेव्हा जो ख़ आणि ग़ निघतो तो जवळपास हाच. रात्री तीन वाजता, सगळं शांत असताना आम्ही औषधं काढत काढत ‘ख़राब, ख़बर, ग़रीब, ग़लत’ करायचो, ती मला हसायची आणि तिला स्वतःला कधी लक्षात आलं नव्हतं की तिचा ख माझ्यापेक्षा वेगळा आहे. चार-पाच रात्रींत जमलं. नागपुरात राहून हे आवाज शिकायला यूट्यूब कशाला पाहिजे, कान उघडे ठेवले की झालं.

‘इश’ म्हणजे ‘मी’ यातला शेवटचा आवाज मात्र ना श ना ख. ‘ई’ म्हणायची तोंडाची ठेवण करायची आणि आवाज बंद करून नुसती हवा सोडायची, ‘ह्या’ म्हणताना सुरुवातीला जे होतं त्याच्या जवळ. नाहीच जमलं तर श म्हणा, ऱ्हाईन नदीच्या बाजूचे खुद्द जर्मन लोक तसंच म्हणतात, समजतं. ‘यू’ साठी तोंडात ‘ई’ आणि ओठ ‘ऊ’चे, बस, आरशासमोर पाच मिनिटं. ‘र’ बद्दल मॅडमनी सांगितलं की सुरुवातीचा र आपला ठेवला तरी चालतो, बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यातही जिभेचा र ऐकू येतो. पण शब्दाच्या शेवटचा र म्हणायचाच नाही, तिथे नुसता ‘अ’सारखा आवाज राहतो. नर्सला श्वेस्टर म्हणतात, ते ऐकायला ‘श्वेस्टा’च्या जवळ. आपण तिथे र कडकडून वाजवतो आणि ते त्यांच्या कानाला फार टोचतं.

नर्सचं अधिकृत पद मात्र आता श्वेस्टर नाही, २०२० च्या कायद्यापासून ‘प्फ्लेगेफाख़फ्राउ’ आहे. म्हणजे स्वतःचं पद सांगायलाच प्फ, ख़ आणि फ्र एका दमात. हे ज्याने ठरवलं त्याला परदेशी नर्सेसची काही पडलेली नव्हती हे नक्की. मी हा शब्द भांडी घासताना, अंघोळीला, स्कूटीवर हेल्मेटच्या आत, सगळीकडे म्हटला. माझी सहा वर्षांची भाची तो माझ्याआधी नीट म्हणायला लागली.

फेब्रुवारी-मार्च वाईट गेले. उच्चाराकडे लक्ष दिलं की वाक्य अडायचं, वाक्याकडे लक्ष दिलं की उच्चार पुन्हा धंतोलीत. मॅडम म्हणाल्या की बोलताना दुरुस्ती करायचीच नाही, प्रॅक्टिसची वीस मिनिटं वेगळी आणि बोलणं वेगळं, एका आठवड्याला एकच गोष्ट. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तोच वारा-सूर्याचा उतारा रेकॉर्ड करायचा, मध्ये ऐकायचा नाही. मार्चमध्ये सप्टेंबरचा ऐकला तेव्हा बरं वाटलं. प्राट नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी बनवलेलं, त्यात आवाजाचा आलेख दिसतो आणि स्वर किती मिलिसेकंद लांब झाला ते मोजता येतं. लांबीसाठी उपयोगी पडलं, बाकी त्यात डोकं घालू नका, रात्र जाते.

टँडेम ॲपवर जर्मनीतल्या लाइपझिश शहराचा एक विद्यार्थी मिळाला होता, हिंदी शिकणारा. अर्धा तास जर्मन, अर्धा तास हिंदी. त्याला ‘दाल’ आणि ‘डाल’ यांतला फरक शेवटपर्यंत ऐकू आला नाही. मी जीभ कुठे लावायची ते सांगून सांगून थकले, तो तेवढ्याच प्रामाणिकपणे पुन्हा ‘डाल खाया’ म्हणायचा. पण मला त्याचं सगळं समजायचं.

एप्रिलमध्ये बी२ ची नोंदणी केली. गोएथे इन्स्टिट्यूट, आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन म्हणतात ते, त्याच्या साइटवर आधी खातं उघडून ठेवा, प्रोफाइलमध्ये नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. नोंदणी उघडली की जागा भराभर जातात, मी नाईटवरून येऊन न झोपता लॅपटॉप समोर घेऊन बसले होते, एकदा पेज अडकलं, दुसऱ्यांदा लागलं. बाहेरच्या उमेदवाराला फी त्यांच्याकडे शिकणाऱ्यांपेक्षा जास्त पडते. बी२ चे चार भाग आहेत, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, ते वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. बोलण्याच्या १०० मध्ये उच्चाराला वेगळे १६ आहेत. म्हणजे उच्चार वाईट म्हणून नापास होणं कठीण, पण समोरच्याला समजलंच नाही तर बाकीचे ८४ तरी कशाचे देणार.

मे महिना नागपूरचा. पारा ४४-४५ आणि घरात कूलर. कूलर चालू असताना रेकॉर्डिंग म्हणजे नुसती घरघर, बंद करावा तर दहा मिनिटांत घामाची आंघोळ. मी पहाटे साडेचारला उठून कूलर बंद करून रेकॉर्ड करायची, मग आई उठून म्हणायची, ‘कोणासोबत भांडून राहिली गं एवढ्या सकाळी?’ नाहीतर हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये, चादरींच्या ढिगाऱ्यात आवाज अजिबात घुमत नाही, स्टुडिओसारखी खोली आहे ती.

जूनमध्ये परीक्षा पुण्याला, बोट क्लब रोडला. रात्रीची गाडी, थर्ड एसी, परतीचं तिकीट आधीच काढा कारण जूनमध्ये नागपूर-पुणे मिळत नाही, आणि परीक्षेच्या आदल्या सकाळी पोचा, त्याच सकाळी नको. मी स्टेशनजवळच्या लॉजमध्ये राहिले, दोन रात्री. ओरिजिनल पासपोर्ट लागतो. लेखी एका दिवशी, बोलण्याचं दुसऱ्या दिवशी. बोलण्याची परीक्षा दोघांची जोडीने होते, आत जाण्याआधी तयारीला पंधरा मिनिटं, दोन विषयांतून एक निवडून चारेक मिनिटं बोलायचं, मग जोडीदाराशी एका मुद्द्यावर वाद घालायचा. माझा जोडीदार कोल्हापूरकडचा इंजिनिअर मुलगा, घाबरून भराभर बोलत होता. मी उलट, प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. मॅडमनी सांगितलं होतं की वाक्य संपलं की आवाज खाली आणा, आपण मराठी माणसं वाक्य संपलं तरी आवाज वरच टांगून ठेवतो आणि समोरचा वाट बघत बसतो. तेवढं एक आठवणीने केलं. पोट पूर्णवेळ गोळा झालेलं होतं, ते काही प्रॅक्टिसने गेलं नाही.

निकाल काही आठवड्यांनी खात्यावर दिसला. बोलण्यात ७९, लेखनात मात्र ६४, म्हणजे काठावर. उच्चाराचे १६ पैकी किती ते सर्टिफिकेटवर येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच हॉस्पिटलशी पुन्हा बोलणं झालं, त्याच दोघी. ‘वी बिटं’ या वेळीही आलं, दोनदा, आणि दोन्हीदा मी शब्द बदलून तेच सांगितलं आणि पुढे गेले. ढब आहेच, इन्चार्ज बाईंनी विचारलं की भारतात कुठल्या भागातल्या, मी म्हटलं बरोबर मधोमध. ऑफर लेटर आलं. आता कागदांचं सुरू आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची कागदपत्रं, मार्कशीट, सिलॅबसचे तास, सगळ्याचं मान्यताप्राप्त भाषांतर, मग तिकडच्या राज्याचं ऑफिस माझी पदवी तपासणार आणि काय कमी पडतं ते लिहून देणार. भाषांतराला पानागणिक पैसे लागतात तेव्हा सिलॅबसची शंभर पानं देण्याआधी नेमकी कोणती हवीत ते विचारून घ्या. त्यावर वेगळं लिहीन, ते अजून संपलं नाही.

उच्चारांत एक नवीनच भानगड निघाली आहे. हे हॉस्पिटल ज्या भागात आहे तिथली बोली श्वेबिश. तिथे ‘इस्ट’ला ‘इश’ म्हणतात, ‘बिस्ट’ला ‘बिश’, ‘फेस्ट’ला ‘फेश्ट’. वर्षभर ज्या स आणि त साठी घाम गाळला ते तिथले लोक स्वतःच म्हणत नाहीत. मॅडम म्हणतात आपण तसं बोलायचं नाही, फक्त समजायला हवं. तेव्हा सध्या सकाळी पोळ्या लाटताना तिकडचा एसडब्ल्यूआर रेडिओ लावते, बातम्या पूर्ण समजतात, मध्येच कोणी आजोबा फोन करून गाण्याची फर्माईश करतात ते अर्धं समजतं. कोणाकडे श्वेबिशचं काही ऐकण्यासारखं असेल तर सांगा.